संगणकाचा हुंकार

डोळ्यांना पापण्या दिल्या आणि कानांना मात्र दिल्या नाहीत, त्या परमेश्वराला आधी नमस्कार. यामागे त्याची केवढी योजना आहे, हे माझ्या सासरच्या मंडळींना कधी उमगलं नाही. मी कीर्तनाला बसलो की डोळे मिटतो. उघडे ठेवले तर काय दिसतं? पुढच्याची टोपी. पंख्याखालची जागा कोणी पटकावली ते. आपल्या चपलांवर कोणाच्या चपला चढल्या ते. डोळे मिटले की बुवा आणि मी, मध्ये कोणी नाही. हा भक्तीचा इतका साधा प्रकार, पण सासरी त्याचं नाव एकच : 'आपले जावई कीर्तनात झोपतात.'

त्यात सासरे स्वतः कीर्तनकार. अख्खं गाव ज्यांच्या कीर्तनाला लोटायचं त्या अण्णांचा जावई झोपाळू, म्हणजे हलवायाच्या घरी मधुमेही जावई यावा तसं झालं.

हे किटाळ माझ्यावर आलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच कीर्तनात. बायको तापाने घरी होती. सभागृहात पहिल्या रांगेत मी आणि माझ्या शेजारी माझा मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ. आख्यान रंगात आलं असताना अण्णा एकदम थांबले आणि म्हणाले, "जावईबापू, जागे आहात ना?" मग हशा झाला. मी जागा होतो. अण्णांना उत्तरसुद्धा दिलं. पण घरी येऊन मेहुण्याने त्यातला प्रश्न आणि हशा एवढंच सांगितलं, उत्तर वगळलं. पुढे प्रत्येक लग्नात, बारशात, साठीशांतीत तो हा प्रसंग घोरण्याच्या नकलेसकट सादर करत आला. मी खरं काय ते सांगायचो. पण जावयाच्या जबानीला सासरी पुरावा लागतो.

आणि पुरावा सापडला! अण्णा गेले, त्यांच्यामागे आवराआवर करताना बायकोला एक कॅसेट मिळाली. वर अण्णांच्या अक्षरात सभागृहाचं नाव आणि कंसात 'जावईबापू आले होते'. त्याच दिवसाचं कीर्तन! कोणीतरी हौसेने ध्वनिमुद्रित करून अण्णांना दिलेलं. घरातला टेप केव्हाच निजधामाला गेलेला, त्यामुळे ते कोणी कधी ऐकलेलं नाही.

बायको म्हणाली, "अहो, एवढा अण्णांचा आवाज आपल्या संगणकात उतरवून द्या. मला बाकी काही नको."

एवढ्या संसारात 'बाकी काही नको' हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

टेप मिळाला वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांकडे. ते बँकेतून निवृत्त झाले तरी त्यांच्या घरातून एकही वस्तू निवृत्त झालेली नाही. टेप देताना त्यांनी सांगितलं, "जपून. याला मी मुलासारखा वाढवलाय." त्यांचा मुलगा त्यांच्याशी बोलत नाही हे मला ठाऊक होतं, पण गरजवंताने अशा गोष्टी काढू नयेत.

टेपपासून संगणकापर्यंत तार जोडली. तार खुपसली की टेपचा आवाज बाहेर येत नाही, सगळा आत जातो. पडद्यावर हिरव्या लाटा उसळू लागल्या. अण्णा आत चालले होते. मी हात जोडले आणि बायकोला म्हटलं, "उतरू दे पूर्ण. मेहुणेराजांना बोलाव. सगळ्यांनी मिळून ऐकू." 'सगळ्यांनी' या शब्दावर मी किती जोर दिला ते माझं मला माहीत.

बाजू संपली. इथे मी फक्त संगणकात 'जतन करा' एवढं म्हणायचं होतं. पण परक्याची वस्तू परत द्यायची तर जशीच्या तशी, हा माझा बाणा. म्हणून आधी कॅसेट उलटी गुंडाळायला लावली. मुलासारख्या वाढवलेल्या त्या टेपने खर्रर्र आवाज केला आणि अण्णांची फीत दातात धरली. मी झाकण उघडेपर्यंत अर्धी गिळली होती. उरलेली ओढून काढताना तिचे जे तुकडे झाले ते बघवत नव्हते. बायको दारात उभी होती. ती बोलत नाही तेव्हा मला फार ऐकू येतं.

"घाबरू नकोस," मी म्हटलं, "अण्णा सुखरूप आहेत. संगणकात."

मान वळवली तर पडदा काळा. मी टेपच्या बाळंतपणात असताना आपल्याकडे कोणी बघत नाही असं पाहून संगणक झोपी गेला होता. कळ दाबली. पंखा घुरघुरला, पुढचा निळा दिवा लागला. पडदा काळाच. माउस हलवला, आपटला, गोंजारला. काळाच.

मुलीला फोन लावला. ती परगावी संगणकाच्याच कंपनीत आहे. "बाबा, सोप्पं आहे. रीस्टार्ट..."

"जतन केलेलं नाही."

मग ती हळू म्हणाली, "मग बंद करू नका. जतन न केलेलं सगळं वीज आहे तोवरच आत असतं. वीज गेली की गेलं. मी मीटिंगमधून सुटले की बघते."

म्हणजे जगात अण्णांचा आवाज उरला होता तो त्या काळ्या पडद्यामागे, विजेच्या आधारावर. आणि माझी अब्रूही तिथेच.

आता गंमत बघा. बंद पडलेल्या संगणकावर अखिल मानवजातीला एकच उपाय माहीत आहे : बंद करा आणि परत चालू करा. जो येईल तो तेच सांगायचा. बँकवाले टेपची चौकशी करायला आले. टेपला साधं खरचटलंही नव्हतं हे पाहून खुशीत म्हणाले, "बंद करून चालू करा की." समोरच्या काकू म्हणाल्या, "आमचा फ्रिज असाच करतो. बंद करून चालू केला की गप राहतो." एवढ्यात मेहुणा आला. त्याचं गिरण्यांचे पट्टे विकायचं दुकान आहे. त्यामुळे पृथ्वीवरच्या सर्व यंत्रांवर आपला हक्क आहे असं त्याला वाटतं.

"काय दाजी, झोपवलात त्यालाही? बसला असेल तुमच्या शेजारी. वाण नाही पण गुण!" असं म्हणत तो सरळ भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

मी बटणांच्या बोर्डाला पाठ लावून उभा राहिलो. "माझ्या अंगावरून जावं लागेल."

"दाजी, हटा. दोन मिनिटांचं काम."

"मेहुणेराजे, अण्णांच्या कीर्तनातला तो लोहार आठवा. देव त्याच्या दारी आला, तरी तो भाता सोडेना. म्हणाला, देवा, भाता सोडला तर विस्तव विझेल, मग तुझं दर्शन घेऊन मी घडवू काय? तसा मी उभा आहे."

बायकोने चमकून पाहिलं. "हे कुठलं आख्यान? अण्णांच्या तोंडून लोहाराची गोष्ट मी कधी ऐकली नाही."

"मीही नाही," मेहुणा म्हणाला. "स्वप्नात आली असेल."

हा घाव मी गिळला. गिळायलाच हवा होता, कारण जिन्यातून सोसायटीच्या सेक्रेटरींचा आवाज आला : "मेन बंद करतोय हो! वायरिंगचं काम आहे. लिफ्टमध्ये कोणी असाल तर बाहेर या!"

मी जिना कसा उतरलो ते पायऱ्यांना विचारा. खाली वायरमन शिडी उघडत होता. मी सेक्रेटरींचा हात धरला. "थोडं थांबा. आमच्या घरात अण्णा विजेवर आहेत."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. "अरेरे! ऑक्सिजनवर?"

"संगणकात."

चेहरा परत जागेवर आला. "सूचना फळ्यावर लावली होती. हरकत असेल तर लेखी द्या. कमिटीपुढे ठेवतो."

"कमिटी कधी बसते?"

"कोरम झाला की."

"तो कधी होतो?"

"अजून झालेला नाही," ते अभिमानाने म्हणाले.

मी वीज कचेरीला फोन लावला. तिथल्या बाईंनी विचारलं, "वीज गेलीय का?"

"नाही. जाणार आहे."

"मग गेल्यावर फोन करा."

"बाई, ती जाऊ नये हीच माझी तक्रार आहे!"

"साहेब, वीज असल्याची तक्रार आम्ही घेत नाही."

मी हताश होऊन वर पाहिलं तर बायको जिना उतरत होती, हातात ट्रे, ट्रेमध्ये किटली. माझ्याकडे न बघता ती वायरमनपुढे उभी राहिली. "दादा, शिडीवर चढायच्या आधी चहा घ्या. आणि सावकाश घ्या, गरम आहे. सेक्रेटरीसाहेब, तुम्हीही." वायरमनने शिडी मिटली. चहा म्हणजे चहा. त्याला कोरम लागत नाही. सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे, याचा चहा होईपर्यंत." किटली मोठी होती. ती आमच्या घरातली सगळ्यांत मोठी किटली होती. ती समोरच्या काकूंच्या हातात सोपवून, "कप रिकामा दिसू देऊ नका" असं बजावून बायको माझ्यामागे वर आली.

वर आली आणि काळ्या पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसली. पडद्यात तिचाच चेहरा दिसत होता. "झोपलाय तो," ती म्हणाली. "नाही उठायचा आता. अण्णांचा आवाज कसा होता तेसुद्धा मला नीट आठवेनासं झालंय हो. घसा खाकरायचे तेवढंच आठवतं."

सुचेनासं झालं की माणसाच्या तोंडून रोजचंच वाक्य निघतं. मी म्हणालो, "डोळे मिटले म्हणजे झोपला असं होत नाही."

मेहुणा हसला. "आलं का परत! जागा असता तर हुंकार दिला असता ना, दाजी!"

कीर्तनाची सवय नसलेल्यांसाठी सांगतो. श्रोत्याने मधून मधून 'हं' म्हणायचं असतं. त्याला हुंकार म्हणतात. बुवांना कळतं की हा ऐकतोय. मेहुणा मला टोमणा मारायला गेला. पण कधी कधी परमेश्वर मेहुण्याच्याही तोंडून बोलतो. त्याची लीला.

हुंकार! मी खुर्ची ओढली. कळफलकावर डावीकडे अक्षरं मोठी करायची एक कळ असते. ती दाबली की वर हिरवा ठिपका लागतो. तो ठिपका कळ लावत नाही, आतून संगणक लावतो. तो झोपलेला असेल तर ठिपका कसा लागेल?

मी कळ दाबली. हिरवा ठिपका लागला. परत दाबली. विझला.

"हं," मी म्हणालो.

"काय हं?" बायको म्हणाली.

"मी नाही. हा म्हणाला. जागा आहे हा! फक्त डोळे मिटलेत. सगळं ऐकतोय!"

आता पडदा दिसत नसताना काम करायचं होतं. आणि इथे, वाचकहो, माझ्या उभ्या आयुष्याची नोकरी कामाला आली. मी कचेरीत मराठी टंकलेखक होतो. टंकलेखक कळफलकाकडे बघत नाही. बघितलं तर तो टंकलेखक नाही. मेहुणा म्हणायचा की दाजी नोकरीतसुद्धा डोळे मिटून असतात. असतोच. मी डोळे मिटले.

आधी सांकेतिक शब्द. तो बायकोने ठेवलाय : इंग्रजी अक्षरांत 'झोपू नका'. रोज संगणक उघडताना हा अपमान स्वतःच्या बोटांनी टंकायचा, अशी तिची व्यवस्था. टंकला. मग लांब पट्टी दाबली. ध्वनिमुद्रण थांबलं असेल तर परत दाबल्यावर ते वाजायला हवं. परत दाबली.

काळ्या पडद्याशेजारच्या स्पीकरमधून आधी पेटीचा सूर आला. मग कोणीतरी घसा खाकरला.

"अण्णा!" बायकोने माझा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठला. मेहुण्याने डोक्यावरची टोपी काढली.

"आता थांबव, थांबव, आधी जतन कर," हे मी स्वतःलाच सांगितलं. पट्टी दाबली. कंट्रोल आणि एस. नाव : अण्णा. एंटर. आतल्या आत कसलीशी खरखर झाली.

आणि वरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. निळा दिवा गेला. खालून काकूंचा आवाज आला, "किटली संपली हो!"

पुढचा वेळ कसा गेला ते सांगत नाही. बायको फितीचे तुकडे गोळा करून एका रुमालात ठेवत होती. बँकवाले टेप न्यायला आले आणि टेप मांडीवर घेऊन तिथेच बसले. मेहुणा पहिल्यांदाच भिंतीवरच्या बटणापासून लांब बसला होता.

वीज आली. संगणक हसतमुखाने उघडला, जणू काही झालंच नव्हतं. मी शोधाच्या चौकटीत 'अण्णा' टंकलं. उत्तर आलं : काही सापडलं नाही. परत टंकलं. काही सापडलं नाही.

"गेलं," मेहुणा म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता आणि तेच मला जास्त लागलं. बायकोने रुमालाला गाठ मारली.

मी यादीत सर्वांत नवं काय ते पाहिलं. एक विचित्र नाव होतं : इंग्रजी व्ही, मग दोन टिंबं, मग दोन वेळा के.

"व्हायरस!" मेहुणा ओरडला. "काढून टाका, दाजी, काढून टाका!"

माझी बोटं मात्र हसली. संगणक इंग्रजीत होता. पण अण्णांचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा माझी बोटं सरळ मराठी टंकयंत्रावर गेली होती. व्ही म्हणजे अ. टिंब म्हणजे अर्धा ण. के म्हणजे काना, आणि अर्ध्या ण ला काना दिला की तो पूर्ण होतो. दोन टिंबं, दोन के : ण्णा.

"हा व्हायरस नाही," मी म्हणालो. "हे तुमचे वडील आहेत."

लावलं. पेटी. खाकरणं. आणि अण्णांचा भरदार आवाज खोलीभर झाला. बायको खाली जमिनीवर बसली, अगदी पहिल्या रांगेत बसावं तशी. पूर्वरंग झाला, आख्यान सुरू झालं. आणि मग तबल्याच्या मागून एक आवाज यायला लागला. आधी बारीक. मग ठसठशीत. घोरण्याचा.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बँकवाल्यांनी टेपवरून नजर काढून पाहिलं. मेहुणा उडालाच. "ऐका! ऐका, ताई! काय सांगत होतो मी इतकी वर्षं? आलं का दाजींचं गायन!"

इतकी वर्षं ती नक्कल ऐकून मलाही शंका यायला लागली होती. माणसाला स्वतःची खात्री असते, पण स्वतःच्या नाकाची नसते.

अण्णा सांगत होते : "...लोहार म्हणाला, देवा, भाता सोडला तर विस्तव विझेल." बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मग देव त्याला काय म्हणाला?" अण्णा थांबले. "जावईबापू, जागे आहात ना? तुम्हीच सांगा."

क्षणभर फक्त घोरणं. मग एक कोवळा, नव्या जावयाचा आवाज : "म्हणाला, भाता मी ओढतो, तू जरा बस."

आणि त्या आवाजाच्या मागे, त्याच ठेक्यात, घोरणं चालूच होतं.

"वा!" अण्णा म्हणाले. "जावई डोळे मिटून ऐकतात. आता त्यांच्या शेजारी आमचे चिरंजीव आहेत, त्यांना कोणीतरी हलवा. त्यांच्या नादाने माझा तबलजी चुकतोय." आणि मग तो हशा. तोच. जो मला जन्मभर पुरला होता.

मग बँकवाले म्हणाले, "आवाज किती स्वच्छ आलाय. टेप चांगला म्हणून."

मेहुणा टोपी चाचपत म्हणाला, "मला तर लोकांनी प्रश्न तेवढाच सांगितला. आणि त्या दिवशी मला सर्दी होती."

बायको हसत होती आणि डोळे पुसत होती. दोन्ही कामं तिला एकदम जमत नव्हती. "अण्णांनी लोहाराची गोष्ट सांगितली होती," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडे होती ती. इतके दिवस." मग भावाकडे वळली. "तू उद्यापासून प्रत्येक लग्नात नक्कल करायची. आता तुझ्या नावाने."

विजय असा असावा की त्यात आपल्याला बोलायला लागू नये. मी फक्त म्हटलं, "पहिल्यापासून लाव. नीट ऐकू."

तिने लावलं. पदर आवरून बसली आणि थोड्या वेळाने तिनेही डोळे मिटले. संगणकाकडे कोणी बघत नव्हतं, कोणी कळ दाबत नव्हतं. अण्णा लोहाराच्या दाराशी आले असतील नसतील, तोच पडदा फटकन काळा झाला. आवाज मात्र चालूच होता.

"दाजी! झोपला परत!" मेहुणा कळफलकावर झेपावला.

बायकोने डोळे न उघडताच त्याचा हात धरला.

"गप बस," ती म्हणाली. "ऐकतोय तो."